मोठी साइज आपण ठेवत नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माल पुरवणाऱ्या कंपनीनं फुकट दिलेली ही डायरी अकरा महिने गल्ल्याखाली कोरी पडली होती. आज उघडली, कारण जे झालं ते सांगण्यासारखं दुसरं कोणी नाही.

जेवताना वंदना म्हणाली, "सहा जानेवारीले माझं ऑपरेशन आहे. महिन्याभराची सुट्टी टाकली."

मला वाटलं पित्ताशय. तिच्या बहिणीचं गेल्या वर्षी झालं होतं. तसं विचारलं, तर म्हणाली, "नाई. छातीचं."

माझा घास हातातच राहिला. "हार्टचं?"

"हार्ट ठीक आहे. छाती कमी करून घ्यायची आहे."

मी, मुकुंद धकाते, बावीस वर्षांपासून नागपूरच्या महाल भागात बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान चालवतो. वडील हातमागावर बसायचे, मी गादीवर बसतो, एवढीच काय ती प्रगती. पण या बावीस वर्षांत एकही बाई माझ्या दुकानात येऊन 'लहान दिसेल असं काही दाखवा' म्हणाली नाही. सगळ्यांना फोमचं लागतं. हे मी वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाले सांगतील थोडी!"

मग मी मुद्द्यावर आलो. "मले विचारलं नाही तू."

"विचारून नाई राहिली. तारीख सांगून राहिली. भाजी वाढू का अजून?"

मी 'वाढ' म्हणालो. ही चूक झाली. त्याच क्षणी ताटावरून उठायला पाहिजे होतं. पण वांगी चांगली झाली होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज शांतपणे कारणं विचारली. तिनंही शांतपणे सांगितली. मान दुखते. पाठ दुखते. बोटांना मुंग्या येतात, कधीकधी काचपट्टी हातातून सुटते. (ती सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून रक्त बघायचं काम.) अन् उन्हाळ्यात खालची कातडी घामानं सोलून निघते.

मी प्रत्येकावर उपाय सांगितला. मानेला पातळ उशी. मुंग्यांना बी-ट्वेल्व्ह. घामाला पावडर. ती म्हणाली, "पावडर!" अन् उठून गेली. पावडरमध्ये हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही.

माझा तर्क असा: बावीस वर्षांत तिनं एकदाही तक्रार केली नाही. म्हणजे दुखणं नवं आहे. नवं दुखणं तेल लावून जातं.

प्रणालीनंच डॉक्टर शोधून दिली म्हणे. आमची मुलगी, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. म्हणजे दोघी मायलेकींचं तीन महिन्यांपासून सुरू होतं, अन् मी घरात असून मौद्याहून आलेल्या पाहुण्यासारखा. प्रणाली स्वतःचे कपडे ऑनलाइन मागवते, बापाच्या दुकानातून घेत नाही, हेही आजच कळलं.

डायरी खासगी आहे म्हणून लिहितो. आमच्या लग्नात मित्रांनी मला कोपरखळ्या मारल्या होत्या. 'मुकुंद्या, नशीब काढलं रे.' मला अभिमान वाटला होता. त्यात माझं कर्तृत्व काय होतं ते आज शोधत बसलो. सापडलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मनात एक शंका आली. लिहायला लाज वाटते, पण आली. हे सगळं कोणासाठी? लॅबमध्ये ऋषिकेश नावाचा कोणी नवीन लागला आहे. तिच्या बोलण्यात त्याचं नाव दोनदा आलं. दुपारी दुकान मैनाबाईंवर सोपवलं (माझ्या दुकानातल्या विक्रेत्या, वय साठ, तोंड त्याहून जुनं) अन् डबा विसरली होती असं निमित्त करून लॅबमध्ये गेलो. डबा ती विसरली नव्हती. मी लपवला होता.

दारातून बघत उभा राहिलो. वंदनानं टेबलावर टॉवेलची घडी ठेवली होती अन् छातीचा भार तिच्यावर टेकवून ती भिंगात बघत होती. पाच मिनिटं झाली की थांबायची, हात झटकायची, खांदे मागे ओढायची, पुन्हा वाकायची. दर पाच मिनिटांनी विश्रांती! खासगी लॅबमध्ये चाललं असतं का हे?

ऋषिकेश म्हणजे सव्वीस वर्षांचा पोरगा निघाला. मला 'काका' म्हणाला. "मॅडमले उंच स्टूल पाहिजे म्हणून दोन वेळा अर्ज केला काका, ऑफिस देऊनच नाई राहिलं." मी डबा ठेवून आलो. शंका फिटली. पण अर्ज त्यानं काहून केला? स्टुलाचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारी संजीवचं भांड्याचं दुकान आहे. शहाणा माणूस. त्याचा सल्ला घ्यायचा होता, पण नाव फोडायचं नव्हतं. म्हटलं, "भिवापूरचा एक गिऱ्हाईक आहे, मिरचीचा व्यापारी. त्याच्या बायकोनं असं असं ठरवलंय."

संजीवनं चहाचा कप खाली ठेवला. बराच विचार केला. म्हणाला, "पण वंदनावहिनीले त्रास काय होऊन राहिला?"

संध्याकाळपर्यंत ओळीतल्या तीन दुकानदारांनी मिरचीच्या व्यापाऱ्याची चौकशी केली. एक म्हणाला, वजन कमी करायला सांगा. मी घरी येऊन सांगितलं. वंदना म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी अकरा किलो कमी केलं होतं. आठवते का?"

आठवत होतं. चेहरा उतरला होता. मीच म्हणालो होतो, आजारी दिसतेस, खात जा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन होणार त्या दवाखान्यात फोन लावला. नाव सांगितलं नाही. विचारलं, "नवऱ्याची सही नसली तर हे ऑपरेशन होते का?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "पेशंट सज्ञान आहे ना सर? मग त्यांचीच सही लागते."

"मग नवऱ्याचं काम काय?"

तिनं फोनवर हात ठेवला. बहुतेक कोणाला तरी विचारत होती. "डबा आणायचा सर. अन् दुसऱ्या दिवशी घरी न्यायले गाडी. वंदनामॅडमच्या फाइलवर लिहून ठेवू का?"

४ डिसेंबर, गुरुवार

डॉ. कुंभारे यांना भेटलो. बाई आहेत, चाळिशीच्या आत. वंदनानं नेलं नव्हतं, मीच गेलो सोबत. नवरा खंबीर आहे हे दिसायला पाहिजे.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "साइज कोणती वापरता?"

"चाळीस."

"चाळीस काय? कप कोणता?"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगितलं की, आमच्याकडे बायका नुसता आकडा सांगतात, कप वगैरे मोठ्या मॉलचे नखरे आहेत. डॉक्टरांनी तिला पडद्याआड नेऊन टेप लावला. बाहेर आल्या तेव्हा आवाज बदलला होता.

"यांना पट्टा लागतो छत्तीसचा. अन् कप लागतो, आता ज्यात आहेत त्याच्या पाच घरं पुढचा. यांचा पट्टा सैल, कप लहान. म्हणजे सगळा भार खांद्यावरच्या दोन फितींवर. खांद्यात खड्डे पडलेत. कोणत्या येड्यानं विकली यांना ही?"

मी बुटाची लेस बांधायला वाकलो.

वंदना म्हणाली, "घरचंच दुकान आहे."

आता बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "मोठी साइज आपण ठेवत नाही, मॅडम. चालत नाही."

"चालत नाही म्हणजे? त्या मापाच्या बाया नाहीत का नागपुरात?"

"बाया आहेत. मागत नाहीत."

"कोणाजवळ मागायचं?"

"माझ्याजवळ. काउंटरवर मीच असतो ना."

डॉक्टरांनी वंदनाकडे पाहिलं, वंदनानं डॉक्टरांकडे. दोघींना काहीतरी समजलं असावं.

मी व्यवहाराची गोष्ट काढली: बरोबर साइज घेतली तर ऑपरेशन टळेल का? डॉक्टर म्हणाल्या, पंधरा वर्षांपूर्वी घेतली असती तर थोडा आराम पडला असता. आता मणक्याचा फोटो बघा. मग त्यांनी धोके सांगितले. व्रण राहतात. एखादी जखम उशिरा भरते. काही भागाची जाणीव जाऊ शकते, परत येईलच असं नाही. वंदनाजवळ वही होती, तिच्यात हे सगळे प्रश्न आधीच लिहिलेले होते. एकेकासमोर ती बरोबरची खूण करत होती.

"तुम्हाला काही विचारायचं आहे का?" डॉक्टर मला म्हणाल्या.

"दिसायले कसं होईल?"

"कोणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

याचं उत्तर मी रस्त्यात गोळीबार चौकापर्यंत शोधत आलो.

२१ डिसेंबर, रविवार

पंचांग काढलं. पौष महिना आहे, शुभकार्य करत नाहीत. वंदनाला दाखवलं. ती म्हणाली, "हे शुभकार्य आहे हे तरी मान्य केलं तुम्ही." पंचांग परत ठेवलं.

५ जानेवारी, सोमवार

आज दुपारी तिला भरती केलं. नवीन डायरी कंपनीनं अजून पाठवली नाही, म्हणून जुन्याच्या मागच्या पानांवर लिहितो.

ती पलंगावर बसली होती, दवाखान्याच्या निळ्या झग्यात. मी म्हणालो, "अजूनही नाही म्हणता येते." ती म्हणाली, "उमरेडच्या शाळेत मी खो-खोत होती. माहीत आहे तुम्हाले?"

माहीत होतं. तिच्या आईनं बघायला गेलो तेव्हा सांगितलं होतं: पोरगी खेळात पुढे होती, पण अभ्यासासाठी सोडलं.

"अभ्यासासाठी नाई सोडलं. आईनं तसं सांगायले लावलं होतं. नववीत होती. तालुक्याची मॅच होती. मी धावत होती अन् मैदानाच्या कडेले पोट्टे मोजून राहिले होते. एक-दोन, एक-दोन. माझ्या धावण्यावर. मास्तरही हसले. मी बसली ती बसलीच. खो दिला तरी उठली नाई."

"अन् मग?"

"मग काय, फाउल. खेळच सुटला. तेव्हापासून वाकून चालून राहिली मी. तेरा-चौदाची होती. आता पंचेचाळीस."

मी विचारलं, "मले कधी सांगितलं नाही?"

"तुमच्या दोस्ताईनं लग्नात काय म्हटलं ते मी ऐकलं होतं ना. तुम्ही हसून राहिले होते."

नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. बरं झालं.

६ जानेवारी, मंगळवार

सव्वातीन तास आत होती. प्रणाली पुस्तक उघडून बसली होती, पान एकदाही उलटलं नाही. मी टेकडीच्या गणपतीला काय काय नवस बोललो ते लिहीत नाही. त्यातलं बरंचसं परवडणारं नाही. एकदा वाटलं, आतून कोणी येऊन म्हणेल की थांबवलं. मग वाटलं, काहीतरी झालं असं म्हणेल. दुसरं वाटलं तेव्हा पहिलं किती बावळटपणाचं होतं ते कळलं. ती धडधाकट बाहेर यावी, बस. मग कितीही उरो.

नर्स आली. "सगळं छान झालं. दोन्हीकडचं मिळून एक किलो तीनशे ग्रॅम काढलं."

मी 'बरं' म्हणालो. भाजीवाल्याला म्हणतो तसं.

ती शुद्धीवर आली तेव्हा तोंड सुकलं होतं. पहिलं वाक्य: "डबा आणला का?"

९ जानेवारी, शुक्रवार

दुकानात सगळ्यांना सांगितलं होतं की वंदना बहिणीकडे मौद्याला गेली आहे.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मनात तो आकडा घोळत होता. किराणावाल्याकडून साबुदाणा तोलून घेतला, साडेसहाशे ग्रॅमच्या दोन पिशव्या, अन् ओढणीत बांधून गळ्यात अडकवला. म्हटलं, बघू तरी. मागे गोदामात बसून माल लावू लागलो. दहा मिनिटं काही नाही. पंधराव्या मिनिटाला मान भरून आली. पंचविसाव्या मिनिटाला कानामागून डोकं दुखायला लागलं, अन् वर बघतो तर दारात मैनाबाई.

"मुकुंदभाऊ, हे काय बाप्पा?"

मी म्हणालो, "साबुदाणा आहे."

मैनाबाईंनी पिशव्या हातात तोलल्या. त्यांना सगळं समजलं. म्हणाल्या, "हे तर नुसतं काढलेलं. ठेवलेलं अजून त्यायच्याजवळच आहे. अन् तुम्हाले पंखा होता."

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"वंदनाबाईनं. दिवाळीच्या आधी."

म्हणजे मिरचीच्या व्यापाऱ्याच्याही आधी. घरी साबुदाणा घेऊन गेलो. प्रणालीनं उसळ केली. मी खाल्ली नाही.

१८ जानेवारी, रविवार

डाव्या बाजूचे टाके एका ठिकाणी उसवले. पट्टी रोज बदलावी लागते. डॉक्टर म्हणाल्या होतंच असं, भरेल. पण वंदना आज रडली. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता म्हणेल चुकलं. म्हणून तयारीत राहिलो; 'मी म्हटलं होतं' हे वाक्य जिभेवर आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, "दुखते, बाकी काही नाई." वाक्य गिळलं.

प्रणाली मैत्रिणीकडे अभ्यासाला, म्हणून पट्टी मी बदलली. खांद्यावरचे खड्डे दिसले. दिव्याखाली, इतक्या जवळून, पहिल्यांदा. बोट ठेवून पाहिलं. पूर्ण बसलं.

"दुखते?"

"आता नाई."

आता डॉक्टरांनी सांगितलेली मऊ, समोरून हुकची घ्यायची होती. हे माझं क्षेत्र. बावीस वर्षांचा अनुभव आहे, टेप लागत नाही, नजरेनं सांगतो. दुकानातून नऊ डबे आणले. नऊच्या नऊ चुकीचे. वंदनानं फक्त मैनाबाईंना फोन लावला. त्या टेप घेऊन आल्या अन् मला स्वयंपाकघरात पाठवलं.

मी चहा ठेवला. तेवढ्यात मैनाबाईंनी जुने कपडे काढायला कपाट उघडलं असावं, कारण त्या जोरात म्हणाल्या, "आगं माय! हे तर आपल्याच दुकानचे!"

मी गेलो. वंदनाच्या जुन्या सगळ्या कपड्यांना खालून जुन्या ब्लाउजची पट्टी जोडलेली होती. बाजूनं कळी घातलेली. फिती दुहेरी शिवलेल्या. माझा माल बावीस वर्षं ती उसवून पुन्हा शिवत होती, अन् मी पाहुण्यांसमोर सांगायचो, आपला माल टिकतो, बायकोलाच विचारा.

"दुसऱ्या दुकानातून घ्यायची होती वं," मी म्हणालो.

"दुकानदाराची बायको दुसऱ्याच्या दुकानात? महालात? तुमचं नाक कुठं राहिलं असतं?"

मैनाबाई टेप गुंडाळत होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही. चहा उतू गेल्याचा वास आला, म्हणून मला जाता आलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

जखम भरली. वंदना आजपासून कामावर. उंच स्टूल अजून मिळालं नाही. संध्याकाळी म्हणाली, मान दुपारपर्यंत आठवलीच नाही. डाव्या बाजूला थोडी जाणीव नाही, बधिर आहे. येईल किंवा नाही येणार.

मी विचारलं, "पस्तावा?"

"त्याचा नाई. उशिराचा आहे."

ती गॅलरीत उभी होती. काहीतरी वेगळं वाटत होतं अन् मला ते सापडत नव्हतं. बऱ्याच वेळानं समजलं. ती माझ्याहून उंच आहे. बोटभर, पण आहे. लग्नाच्या फोटोत तर नव्हती.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या मापांचा माल मागवला होता. कंपनीचा माणूस म्हणाला, "चालत नाही भाऊ तो तुमच्याकडे." मी म्हणालो, पाठव. माल येऊन आठवडा झाला, डबे तसेच. एकही बाई मागेना. मैनाबाईंना म्हणालो, बघा, मी म्हणत होतो.

आज साडेअकराला एक बाई आली. तिशीची असेल. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन केलेली, हातात पर्स छातीशी धरलेली, खांदे पुढे. मी हे खांदे ओळखतो आता. तिनं मैनाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, अन् म्हणाली, "छत्तीस द्या एक. कोणतीही."

तिचं माप छत्तीस नव्हतं. जिभेवर आलं होतं: ताई, चाळीस न्या, ढिली बरी. हजार वेळा म्हटलेलं वाक्य. तिनं तोपर्यंत पर्स अजून वर घेतली.

मी उठलो. "मैनाबाई, मी चहा पिऊन येतो."

मैनाबाई बघत राहिल्या. माझ्यासमोर चहाचा भरलेला कप होता.

बाहेर ऊन तापायला लागलं आहे. संजीवच्या दुकानापुढे उभा राहिलो. तो म्हणाला, "काय गा, हाकललं का दुकानातून?" मी म्हणालो, हवा खाऊन राहिलो. महालात, रस्त्यावर, बाराच्या सुमाराला.

पाऊण तास झाला. आत दोन बायका अजून गेल्या, बाहेर कोणी येईना. मग दुकानातून हसण्याचा आवाज आला. माझ्या दुकानात कोणी हसत नाही. दवाखान्यात बोलतात तसं बोलतात, आकडा सांगतात, घेतात, जातात. बावीस वर्षं मला वाटत होतं, या धंद्याची रीतच ती आहे. आता मैनाबाईंचं खोकल्यासारखं हसणं अन् त्यावर दोन-तीन नवे आवाज.

ती ओढणीवाली मोठी पिशवी घेऊन बाहेर आली. माझ्या अंगावरून गेली, पाहिलंसुद्धा नाही. मैनाबाई दारात आल्या, दोन्हीकडे बघितलं, मला हात केला. "या आता."

"काय हसून राहिले होते?"

"ते बायांचं आहे."

"माझ्याबद्दल का?"

"तुमच्याबद्दल काहून हसतील? तुम्ही होते कुठं?" त्या रिकामे डबे आवरत होत्या. मोठ्या मापाचे. "अन् मुकुंदभाऊ, रोज अकरा ते एक चहाले जात जा."

हे माझं दुकान आहे असं सांगणार होतो. मग म्हणालो, ठीक आहे. उद्या रविवार, दुकान बंद. म्हणजे सोमवारपासून.